वॉटर पार्कमध्ये फुकट वायफाय: किती आणि कुठे?

कुळागरवाला, फोंडा:
आमच्या कुळागराला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेला, लागून छोटा वॉटर पार्क आहे. जागा खोलगट. मोबाईलची रेंज फाटकापर्यंत, आत पाऊल टाकले की गेली. गिऱ्हाईक कँटीनला भजी-पाव खाते आणि पैसे द्यायला ओल्या अंगाने फोन उंच धरून फाटकाकडे चालू लागते. रोख कोणाकडेच नसते. म्हणून फुकट वायफाय द्यायचे म्हणतो. विक्रेत्याने पार्कभर वायफायच्या पेट्या लावायचा अंदाज दिला, आकडा ऐकून घाम फुटला. एवढे लागते का?

केबलकार, म्हापसा:
पार्कभर कशाला? स्लाइडवरून घसरणाऱ्याच्या हातात फोन असतो का? डिस्नेसारखे मोठे पार्क सगळीकडे देतात, कारण रांगेची वेळ आणि खाण्याची ऑर्डर त्यांच्या ॲपवर असते. तुमचे कारण यूपीआय. तेव्हा फाटक, लॉकर, कँटीन आणि मुलांच्या पूलकडची बाकडी, बस्स. वायफाय लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न छेदणारे चॅनेल, म्हणजे लहरींच्या वाटा, तीनच: १, ६, ११. उगाच पेट्या वाढवल्या तर गोंगाटच वाढतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा गर्दीत बरा, पण चिऱ्याच्या भिंतीपलीकडे त्याचा जीव जातो. माणसाचे अंगही लहरी शोषते, म्हणून पेटी डोक्यांच्या वर, छपराखाली. विक्रेता सकाळी रिकाम्या कँटीनमध्ये पाच रेघा दाखवील. त्याला रविवारी दुपारी बोलवा.

खरी गोम लॉगिनची. वापरणारा कोण याची नोंद ठेवा, असे दूरसंचार विभागाने २००९ मध्येच सांगितले आहे, म्हणून सगळे ओटीपी मागतात. आत रेंज नाही तर ओटीपी येणार कुठून? तिकीट काढतानाच, फाटकावर लॉगिन उरकून घ्या आणि त्या फोनचे लॉगिन दिवसभर चालू राहील असे लावा. परदेशी पाहुण्याला पासपोर्ट बघून कोड द्या.

वास्कोची आई:
पोरांच्या हातातला फोन सुटावा म्हणून तर पाण्यात नेतो आम्ही! आणि नंबर घेतलात तर जपून. एका ठिकाणी वायफायसाठी नंबर दिला, अजून 'वीकेंड ऑफर' येतात. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा काय शोभेला आहे?

केबलकार, म्हापसा:
ताईंचे बरोबर. जाहिरातीसाठी वेगळी संमती घ्या, नाही दिली तरी वायफाय द्या. आणखी एक: फाटक ते कँटीन तांब्याची केबल ओढू नका, फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, टाका. मिरगाच्या तोंडावर जवळपास वीज पडली की तांब्यावरून दोन्ही टोकांची यंत्रे जातात. काउंटरवरचा 'पैसे मिळाले' बोलणारा डबा सिमवर चालत असेल तर तोही आत मुकाच. वायफायवाला मागून घ्या.

कुळागरवाला, फोंडा:
देव बरें करूं. मग चार जागाच करतो. पासपोर्टवाल्यांचा कोड तिकिटाच्या मागे लिहू? पाण्यात त्याचा लगदा होतो.

केबलकार, म्हापसा:
लॉकरच्या किल्लीला प्लास्टिकचा बिल्ला असतो ना, त्यावर कोडचा स्टिकर लावा. किल्ली परत आली की तो कोड बंद.