मदत हवी आहे: पोटगीच्या केसेससाठी ताळेबंद वाचायला कुठे शिकावं?

नमस्कार मंडळी. मी वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. सीएंना दरवर्षी सीपीईचे (सतत व्यावसायिक शिक्षणाचे) तास भरावे लागतात; आपल्याला वकिलांना एकदा सनद मिळाली की पुढचं शिक्षण ज्याच्या-त्याच्या मर्जीवर.

नवे निकाल, नवी कलमं वाचून जमतात. पोटगीचं सीआरपीसीचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम १२५ जाऊन १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) १४४ आलं, तेही अंगवळणी पडलं. अडतंय ते आकड्यांपाशी. सुप्रीम कोर्टाच्या रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नवरा पगारदार असेल तर फॉर्म १६ वर बरंच भागतं. पण भागीदारीत धंदा असला, की रिटर्नमध्ये उत्पन्न जेमतेम, गाडी फर्मच्या नावावर आणि घरखर्च फर्ममधल्या त्याच्या भांडवली खात्यातून उचललेल्या पैशांतून! हे उलटतपासणीत कसं बाहेर काढायचं, ते वकिलांना कळेल अशा भाषेत कुणी शिकवतं का? दादर-वांद्रे पट्ट्यात, शनिवारी किंवा संध्याकाळी साडेसहानंतर. ऑनलाइनही चालेल, फक्त रेकॉर्ड केलेली व्याख्यानं नकोत. प्रश्न विचारता आले पाहिजेत.

शिवाय मध्यस्थीचं ४० तासांचं प्रशिक्षण कुणी केलंय का? मुलांच्या ताब्याच्या प्रकरणांत त्याचा खरंच उपयोग होतो, की नुसतं प्रमाणपत्र? (चेंबर तिघींत आहे, भिंतीवर जागा नाही.)

फी किती पडली तेही सांगा. एखादे सीए महिन्यातून एकदा चार-पाच वकिलांना घेऊन बसायला तयार असतील, तर माणसं मी जमवते.