घर कितीला गेलं, हे सगळ्यांना दिसायला हवं का?

खाडीपलीकडचा

माझ्या मामीनं दापोली तालुक्यातलं घर विकलं त्याला आता तीन वर्षं झाली. समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर चिऱ्याचं घर, पुढं पडवी, मागं विहीर, नारळ-पोफळीच्या आगरासह नऊ गुंठे. मामा गेले, मुलं ठाण्याला आणि डोंबिवलीला. पावसाळ्याआधी कौलं परतायला माणूस मिळेना, म्हणून विकायचं ठरलं. मध्यस्थानं सांगितलं, "मामी, इकडं गिऱ्हाईक नाही. १८ लाख म्हणजे खूप झाले." मामीनं १८ लाखांना दिलं.

पुढं सहज म्हणून मी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शेजारच्या सर्व्हे नंबरची सूची क्रमांक दोन उघडली. त्याच पाखाडीवरचं (गावातल्या दगडी पायवाटेवरचं), आमच्याहून लहान आगराचं घर आमच्या आधी पाच महिने ३१ लाखांना गेलं होतं. तो व्यवहारही त्याच मध्यस्थानं केला होता. त्याला दोन्ही आकडे ठाऊक होते. मामीला एकही नव्हता.

ज्यांनी सूची दोन पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खरेदीखत नोंदवलं की दुय्यम निबंधक कार्यालयात त्या दस्ताचा गोषवारा तयार होतो. त्यात मोबदला (म्हणजे दस्तात लिहिलेली विक्रीची रक्कम), बाजारभाव, भूमापन-पोटहिस्सा-घरक्रमांक, क्षेत्रफळ, देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावं आणि पत्ते, तारखा, भरलेलं मुद्रांक शुल्क, सगळं असतं. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे फी भरून कुणीही ती पाहू शकतो. आता तर ई-सर्चवर घरबसल्या दिसते. पण त्यासाठी सर्व्हे नंबर माहीत हवा. आपण घर ओळखतो ते वरच्या आळीतलं, विहिरीजवळचं, असं. शेजाऱ्याचा सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर कुणाला पाठ असतो? ज्याचा जमिनीचा धंदा आहे त्यालाच.

आयर्लंडमध्ये २०१० पासूनच्या घरविक्रीची तारीख, पत्ता आणि किंमत सरकारी नोंदवहीत कुणालाही फुकट बघता येते. इंग्लंड आणि वेल्सच्या जमीन नोंदणी खात्यानं १९९५ पासूनच्या किमती खुल्या ठेवल्या आहेत. दोन्हीकडे माणसांची नावं नाहीत. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. सूचीत नाव, पत्ता सगळं उघडं, पण "या गावात गेल्या तीन वर्षांत काय काय कितीला विकलं गेलं" अशी साधी यादी मिळत नाही.

माझी मागणी एवढीच: नावं काढा आणि गावनिहाय यादी द्या. तारीख, दस्ताचा प्रकार, क्षेत्रफळ, मोबदला. ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली तरी चालेल. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.

जुना कारकून

मी २६ वर्षं रत्नागिरीत एका वकिलांकडे दस्त लिहायचं काम केलं. तुमच्या मामीबद्दल वाईट वाटलं, तरी मागणीला माझा विरोध आहे, कारण सूचीतला मोबदला म्हणजे किंमत नव्हे.

मुद्रांक शुल्क आकारलं जातं ते मोबदला आणि सरकारी दर तक्त्यातला (रेडी रेकनरमधला) बाजारभाव यांतल्या जास्त रकमेवर. त्यामुळे कित्येक दस्तांत मोबदला बरोब्बर तक्त्याच्या आकड्याला आणून ठेवलेला असतो. वरचे पैसे पिशवीतून जातात. २०१५ पासून जमीन-घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्यानं बंदी आहे, तरी जातात. मी अशा टेबलाशी बसलेलो आहे. म्हणजे तुमची यादी वाचणारी पुढची मामी म्हणेल, "अहो, सरकारी कागदावर १२ लाखच आहेत", आणि १८ ऐवजी १२ वर येईल. खोटा आकडा दलालाच्या तोंडी असतो तोवर त्यावर शंका घेता येते. तोच सरकारी फलकावर चढला की कोण शंका घेणार?

दुसरं म्हणजे सामायिक सातबारा. सातबाऱ्यावर सतरा नावं, निम्मी माणसं मुंबईत, दोन वारलेली, वारस लागलेले नाहीत. त्यातला एक जण आपला अविभक्त, म्हणजे अजून वाटणी न झालेला, हिस्सा विकतो. सूचीत सर्व्हे नंबर पुरा, मोबदला मात्र एका हिश्शाचा. अनोळखी माणूस वाचेल तर म्हणेल, समुद्राकाठची वाडी दोन लाखांत गेली! त्यात बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं, वाटणीपत्रं. एकाच घराचं आधी साठेखत (विक्रीचा करार) आणि नंतर खरेदीखत, म्हणजे एक व्यवहार दोनदा. वाचायची सवय नसलेल्याच्या हाती ही यादी देणं मला धोक्याचं वाटतं.

खाडीपलीकडचा

कारकूनकाका, तुम्ही सांगितलेलं सगळं मान्य. म्हणूनच मी दस्ताचा प्रकार यादीत मागितला आहे. फक्त खरेदीखतं घ्यायची, हिस्सा अविभक्त असेल तर तसा शेरा द्यायचा. ही माहिती दस्तात असतेच.

रोखीबद्दल मात्र एक सांगतो. सगळीकडे सारखं नाही. माझ्या चुलतभावानं चिपळुणात फ्लॅट घेतला. बँक कर्ज देते ते करारातल्या आकड्यावर, त्यामुळे त्याला खरी किंमत लिहून घेण्यातच फायदा होता. जिथं कर्ज काढून घेतात तिथं नोंद बरीचशी खरी असते. जुनी घरं आणि वाड्या रोखीच्या, तिथं नोंद कमीची. मग नोंदीतला आकडा तळ समजायचा: याच्या खाली जायचं नाही. मामीला एवढा तळ जरी कळला असता तरी तो ३१ लाखांचा होता.

नागावचा वाटाड्या

मी अलिबाग तालुक्यात मध्यस्थीचाच व्यवसाय करतो. इथं मध्यस्थाला शिव्या पडणार हे दिसतंच आहे, तरी लिहितो. तुमच्या मामीशी त्या माणसानं केलं ते चूकच. विकणाऱ्याचं काम घेतलं तर शेजारचा व्यवहार त्याला सांगायलाच हवा.

पण घर म्हणजे पोतं भरून विकायचा तांदूळ नव्हे. एकाच पाखाडीवरच्या दोन घरांत एकाला गाडी दारापर्यंत जाते, दुसऱ्याला शेजाऱ्याच्या आगरातून वाट. एकाची विहीर मे महिन्यात गोडी, दुसऱ्याची मचूळ. एक गावठाणात, दुसऱ्याचा अर्धा भाग सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात), म्हणजे पाडून नवं बांधायचं तर परवानग्यांचं लचांड. एकाचा सातबारा एका नावाचा, दुसऱ्यावर नऊ जण. यातलं सूचीत काय दिसतं? आकडा आणि क्षेत्रफळ. आयर्लंडच्या त्या नोंदवहीतही घराची अवस्था कळत नाही, आणि तिथले लोक स्वतःच सांगतात की हा किमतींचा निर्देशांक नाही.

२०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली, २०२४ मध्ये अटल सेतू झाला, मुंबई जवळ आली. मांडवा-किहीमला एखादा बंगला मोठ्या आकड्याला गेला की चार दिवसांत मैलभर आतल्या घराचा मालकही तोच आकडा सांगतो. मी अशी घरं पाहिली आहेत की मालक सात वर्षं त्या आकड्याला धरून बसला, गिऱ्हाईक आली आणि गेली, एका पावसात मागची भिंत पडली, आणि शेवटी पहिल्या गिऱ्हाइकापेक्षा कमीत विकावं लागलं. यादी लावली की प्रत्येक मालक सर्वात वरचा आकडा वाचणार. हे माणसाच्या स्वभावातच आहे.

हायवेकाठचा

वाटाड्या, विकणाऱ्यानं मोठा आकडा वाचला तर तुम्हाला त्रास, आणि लहान आकडा वाचला तर कुणाला त्रास हे मी सांगतो.

आमची जमीन मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात गेली. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २६ प्रमाणे बाजारमूल्य काढताना आसपासची तीन वर्षांतली नोंदलेली खरेदीखतं बघतात. त्यांतली जास्त किमतीची निम्मी घेऊन त्यांची सरासरी काढतात, मुद्रांकाच्या दराशी ताडतात, आणि जास्त असेल ते धरतात. मग त्याला ठरलेल्या गुणकानं गुणतात, आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम. म्हणजे सूचीतला प्रत्येक आकडा पुढं दुप्पट-चौपट होऊन तुमच्या पदरात पडतो किंवा पडत नाही. आमच्या गावात सगळ्यांनी वर्षानुवर्षं तक्त्याएवढाच मोबदला लिहिला. शुल्क वाचवलं म्हणून खूश होते. भरपाईची नोटीस आली तेव्हा समोर पुरावा म्हणून आमचीच खरेदीखतं. वडिलांनी त्या दिवशी जेवण केलं नाही.

कारकूनकाका म्हणतात आकडे खोटे आहेत म्हणून यादी नको. मी म्हणतो, यादी नाही म्हणूनच खोटे आकडे खपतात. गावाच्या फलकावर दर वर्षी दिसलं असतं की आपण आपल्याच जमिनीची किंमत किती खाली लिहून ठेवतो आहोत, तर चार जण तरी शहाणे झाले असते. आत्ता हे कळतं ते थेट नोटीस आल्यावर.

जुना कारकून

हा मुद्दा मी धरला नव्हता. आमच्या ऑफिसात पक्षकार विचारायचे, "शुल्क किती वाचेल?" पुढं जमीन संपादनात गेली तर काय, असं एकानंही विचारलं नाही, आणि आम्हीही आपणहून सांगितलं नाही. हे सांगायला हवं होतं, ते आमचं काम होतं.

तरी सरकारी फलकाला माझा विरोध कायम आहे. ज्याला विकायचं आहे त्यानं विकण्याआधी वकिलाकडून मालकीच्या कागदांचा तीस वर्षांचा शोध घेतो तसा आजूबाजूच्या व्यवहारांचा तीन वर्षांचा शोध घ्यावा. खर्च फार नाही. वाचणारा जाणता असतो, तो अविभक्त हिस्सा ओळखतो.

खाडीपलीकडचा

काका, शोध घेणारा वकील सहसा खरेदीदाराचा असतो. मामीकडं कोण होतं? मध्यस्थानं आणलेला वकील, मध्यस्थानं आणलेला खरेदीदार, आणि चहा करायला मामी.

देवबागची लेक

माझा म्हायार देवबागाक. बापाशीचा घर इकला, तेतूर माझो हिस्सो होतो. पैसे बँकेत जमा होवच्या आधी आकडो गावभर झालो. कोण म्हणता उसने दी, कोण म्हणता देवळाक दी, चुलतो म्हणता पोराक रिक्षा घेवची हा. घोव बोटीर, मी दोन पोरांवांगडा एकटी. रातचा कोणी दार वाजवला तरी छाती धडधडा. आकडो दिसलो असतो तर तुमची मामी वाचली असती, ता खरा. पण आकडो दिसल्यार माझ्यासारख्या बाईचा काय होता, ताय बघा.

खाडीपलीकडचा

ताई, म्हणूनच नावं नकोत म्हणतो. आज सूचीत तुमचं नाव, वय, पत्ता सगळं आहे, आणि सर्व्हे नंबर माहीत असलेला कुणीही ते बघू शकतो. माझ्या यादीत यातलं काही नसेल.

देवबागची लेक

नाव नसला म्हणान काय झाला? त्या वर्षी आमच्या वाडीत एकच घर इकला गेला. तारीख आणि आकडो लावलो की लहान पोरगोय सांगात खयचा ता.

हायवेकाठचा

ताईंचं बरोबर आहे. आमच्या गावातही वर्षाला दोन-तीन खरेदीखतं होतात. नाव झाकलं तरी माणूस झाकला जात नाही.

खाडीपलीकडचा

दोन दिवस यावर विचार केला. आयर्लंडला डब्लिनसारखं शहर आहे, तिथं एका घराचा आकडा गर्दीत मिसळून जातो. आमच्या पाखाडीवर अकरा घरं आहेत. ताईंचा प्रश्न मी आधी धरलाच नव्हता.

म्हणून मागणी बदलतो. एकेका दस्ताची यादी नको. लगतची पाच-सहा किनारी गावं एकत्र घ्या, तीन वर्षांची खरेदीखतं घ्या, अविभक्त हिस्से वेगळे काढा, आणि घरवाडीचा गुंठ्याचा सर्वात कमी, मधला आणि सर्वात जास्त दर छापा. दस्त दहाहून कमी असतील तर आणखी गावं जोडा. जमिनीतही कातळ वेगळा, आगर वेगळं, वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) वेगळी दाखवा.

नागावचा वाटाड्या

मधला दर छापलात तर माझी हरकत नाही. मी स्वतः गिऱ्हाइकाला तो दाखवेन. पण मग तुमच्या मामीच्या पाखाडीवरचे ३१ लाख त्यात दिसणार नाहीत, हे लक्षात घ्या. आतल्या गावांतल्या घरांत मिसळून त्या दरानं मामीचं घर कदाचित २० लाखांच्या आसपास येईल, आणि मध्यस्थ म्हणेल, "बघा, सरकारी दरसुद्धा एवढाच."

खाडीपलीकडचा

म्हणून गावं किनाऱ्यालगतचीच घ्यायची म्हणतो, आणि सर्वात जास्त दरही छापायचा म्हणतो. "एवढा दर कुठं मिळाला?" एवढं तरी मामी विचारू शकली असती. तेवढा एक प्रश्न तिच्या हाती असता तर तो माणूस पडवीत इतक्या निवांत बसला नसता.

जुना कारकून

दर तक्त्याची उजळणी करून नवे दर १ एप्रिलला लागू करतात. त्याआधी नोंदणी विभागाकडे लेखी सूचना देता येतात, तेव्हाच ही मागणी मांडा. तुम्ही गावांची नावं आणि सर्व्हे नंबर काढा. अविभक्त हिस्से कुठले आणि पूर्ण विक्री कुठली, ते मी बसून वेगळं करून देतो. विरोध आहे तो आहे, पण यादी करायचीच असेल तर ती चुकीची होऊ नये. ताईंच्या वाडीचा दस्त मात्र त्यात घेऊ नका.

देवबागची लेक

उपकार.