'अर्थपूर्ण कृती'ला मराठीत काय म्हणायचं?

शेवंती:
आईला डिमेन्शिया आहे, वय ८१. आठवड्यातले तीन दिवस ती डे केअरला जाते. तिथून मराठीत फॉर्म आलाय आणि त्यात एक रकाना आहे, 'रुग्णाच्या अर्थपूर्ण कृती'. दोन दिवस पेन घेऊन बसलेय. आई जन्मभर वाती वळत आली, अजूनही वळते. ही 'कृती' म्हणायची का? आमच्याकडे कृती म्हटलं की पुरणपोळीची. चाळा म्हणायला जीभ रेटत नाही. शब्द सुचवा.

मुक्काम पोस्ट:
विरंगुळा. एवढा गोड शब्द असताना शोधाशोध कशाला?

जुनं खोड:
गोड आहे, पण इथे चुकीचा. विरंगुळा कामातून मिळतो. दिवसभर राबलेल्या माणसाने संध्याकाळी पेटी काढली, तो विरंगुळा. जिच्या हातातली सगळी कामं आपण 'राहू दे, तू बस' म्हणत काढून घेतली, तिला विरंगुळा कशापासून?

चाळ्यात हात हलतो आणि मन भलतीकडे असतं. अनेकवचनात तर 'चाळे', म्हणजे बदनामीच. 'उपक्रम' शाळांनी आणि सरकारने राबवून राबवून दमवलाय. 'उद्योग'वर माझा जीव आहे, 'आई उद्योगात आहे' किती छान वाटतं, पण मागोमाग 'नसते उद्योग' येतातच.

मुक्काम पोस्ट:
मग सेंटरमध्ये रंगीत मणी ओवायला देतात त्याला काय म्हणाल?

उंबरठा:
रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.

चेष्टा नाही करत. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यांना मणी दिले, त्यांनी भिरकावले. खडू दिले, तेही. दुपारी चार वाजले की उठून व्हरांड्यात येरझाऱ्या, दाराच्या कड्या हलवून बघायच्या. त्यांच्या कागदावर 'अस्वस्थ, सहकार्य करत नाहीत' असा शेरा पडला. मग मी माळ्यावरून तिकिटाला भोक पाडायचा त्यांचा जुना चिमटा काढला आणि जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापून दिल्या. बाबांनी चिमटा हातात घेतला, दोनदा नुसताच वाजवला, टक् टक्, आणि समोरच्या आजींना विचारलं, "कुठलं देऊ?" आजी म्हणाल्या, "सातारा." तासभर तिकिटं फाडत होते. पैसेही मागितले.

आणखी एक. दारात पाय अडखळायचे, पुढे पडायचेच नाहीत. अटेंडंट दंड धरून ओढायचा. मी मागून "टण टण" म्हणायला लागले. डबल बेल मिळाली की गाडी सुटायचीच. हे फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात बसतं सांगा.

मला सुचणारा शब्द: अंगवळणी पडलेलं काम.

जुनं खोड:
उंबरठाताई, साष्टांग. एरवी हा शब्द आपण सप्तमीतच वापरतो, 'अंगवळणी', आणि त्यापुढे 'पडणे'. पण शास्त्र त्यात आधीपासून बसलंय. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या हिप्पोकॅम्पसला सुरुवातीलाच धक्का बसतो. हातांनी हजारदा केलेल्या कामाची स्मृती मेंदूच्या दुसऱ्या भागांत असते, ती बऱ्याचदा पुष्कळ उशिरापर्यंत टिकते. म्हणजे सकाळचा चहा आठवत नाही, पण वात बिनचूक. सगळ्यांचं असं होत नाही हेही खरं. पार्किन्सनसोबत येणाऱ्या डिमेन्शियात हातच आधी दगा देतात.

शिवाय वाती वळतात, लाडू वळतात, अक्षराला वळण असतं, पोराला वळण लावतात. शेवंतीताई, तुमचा शब्द आईच्या बोटांतच होता.

पाटीपेन्सिल:
थोडं विषयांतर. आजाराला 'स्मृतिभ्रंश' म्हणतो, ते तरी बरोबर आहे का? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ६३व्या श्लोकात हा शब्द येतो, पण तिथे तो क्रोधापासून सुरू होणाऱ्या घसरणीतली पायरी आहे, आणि पुढे 'बुद्धिनाशो'. आजारी माणसाने कुणावर राग धरला होता?

जुनं खोड:
तरी 'म्हातारचळ'पेक्षा बरा. जपानमध्ये या आजाराला 'चिहो' म्हणत, त्यातल्या अक्षरांचा अर्थ मूर्ख, मंद असाच. २००४ साली सरकारने तो शब्द काढून 'निन्चिशो' आणला, म्हणजे आकलनाशी संबंधित विकार. आपल्याकडे ते काम सध्या 'डिमेन्शिया' करतोय. परका आहे म्हणून निदान शिवी तरी वाटत नाही, पण मूळ लॅटिनमध्ये तोही 'मन ढळणं'च.

मुक्काम पोस्ट:
विरंगुळा मागे घेतो. पण माझाही एक प्रश्न. त्याच फॉर्मांत 'वैयक्तिक माहिती' असते ना? त्यात गाव, शिक्षण, रक्तगट. उंबरठाताईंनी सांगितलं ती माहिती म्हणायची?

उंबरठा:
नाही. माहिती फायलीत राहते. ही ओळख. मराठीत ओळख असते, ओळख पटते, लोक ओळख देतात, मोठे झाले की ओळख देत नाहीत, आणि आपण म्हणतो, "ओळख ठेवा." बाबा मला ओळख देत नाहीत, दोन वर्षं झाली. मला "मास्तरीणबाई" म्हणतात. ठेवायचं काम आता माझ्याकडे आहे. अटेंडंट बदलला की नव्याला आधी डबल बेल शिकवते, औषधांचा तक्ता नंतर.

पाटीपेन्सिल:
ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्डचे मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड १९९० च्या दशकात हेच मांडत होते, की आजाराच्या आधी माणूस बघा. तेव्हापासून तिकडे माणसाची जीवनकथा लिहून ठेवायची पद्धत रुजली. आपल्याकडे 'जीवनकथा' म्हटलं की एकदम थोरामोठ्यांची वाटते. 'खाणाखुणा' कसं वाटतं?

जुनं खोड:
खाणाखुणा हरवलेल्या माणसाच्या असतात हो. नको.

मुक्काम पोस्ट:
शेवंतीताई, शेवटी काय लिहिलंत?

शेवंती:
'वाती.' आणि खाली बारीक अक्षरात: 'फुलवाती. समोर कापूस आणि ताट ठेवावं, वळून दाखवू नये, राग येतो. टोकाला दुधाचं बोट लागतं, पाण्याचं दिलं तर वाटी बाजूला सारते.'

रकाना पुरला नाही, मागच्या पानावर गेले.