मदत हवी आहे : मोबाइल डेटावरची रात्रीची कोंडी आपल्या बाजूने कितपत टाळता येते?

नमस्कार. आमच्या घरी सिमकार्डवर चालणारा राउटर आहे आणि व्हिडिओ कॉल, ऑनलाइन वर्ग, फोनचे बॅकअप हे सगळे त्याच एका जोडणीवर चालते. दिवसा तक्रारीला जागा नसते. रात्री मात्र रेंज पूर्ण दिसत असूनही साधे पान उघडायला वेळ लागतो आणि कॉलमधला आवाज तुटू लागतो.

आजवर वाचून जे समजले ते आधी मांडतो. रेंजच्या दांड्या सिग्नलची ताकद दाखवतात, टॉवरवरची गर्दी नव्हे. फोर-जीमध्ये २० मेगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्याचे १०० तुकडे पडतात आणि ते कोणाला किती द्यायचे, हे टॉवर दर मिलिसेकंदाला ठरवतो. ज्याचा सिग्नल क्षीण, त्याला तेवढ्याच डेटासाठी अधिक तुकडे लागतात. म्हणून राउटर खिडकीशी ठेवला. त्याने दिवसाचा वेग वाढला, रात्री फारसा फरक पडला नाही. (राउटर नीट जागी ठेवण्याने त्याच टॉवरवरच्या इतरांचाही भार हलका होतो, हे मला महत्त्वाचे वाटते.)

खरा प्रश्न पुढे जायची वाट पाहणाऱ्या डेटाच्या रांगेचा आहे. एरवी पन्नासेक मिलिसेकंद असणारा पिंग (संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ), एखादा फोन फोटो अपलोड करू लागला की एक सेकंदाच्या वर जातो आणि अपलोड थांबवताच खाली येतो. म्हणजे कोंडीचा निदान काही भाग माझ्याच राउटरमधल्या मोडेमच्या बफरमध्ये (पाठवायचा डेटा तात्पुरता थांबतो त्या जागेत) साचतो आहे. १९८६ मध्ये इंटरनेट अक्षरशः ठप्प होऊ लागल्यावर संगणकशास्त्रज्ञ व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये सुचवलेले उपाय पॅकेट (डेटाचा छोटा गठ्ठा) गहाळ होणे हीच गर्दीची खूण मानतात. पण बफर अवाढव्य असला की पॅकेट गहाळ होत नाही, नुसते ताटकळते, आणि पाठवणाऱ्याला वेग कमी करण्याची सूचना फार उशिरा मिळते. यावर कोडेलसारखी रांग सांभाळणारी पद्धत माझ्या राउटरमध्ये आहे, परंतु तिला जोडणीच्या प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी मर्यादा ठरवून द्यावी लागते, आणि मोबाइलवर तो वेग तर सतत बदलत राहतो.

तेव्हा जाणकारांना विचारायचे ते असे. अपलोडची मर्यादा रात्रीच्या किमान वेगाइतकी कायमची बांधून दिवसाचा वेग वाया घालवावा, की पिंग पाहून मर्यादा आपोआप बदलणारी स्क्रिप्ट भरवशाची असते? डाउनलोडची रांग टॉवरकडे साचते. तिथे माझ्या राउटरवरची मर्यादा खरोखर उपयोगी पडते का? बॅकअप मध्यरात्रीनंतर लावले आहेत आणि व्हिडिओची गुणवत्ता उतरवली आहे. मार्च २०२० मध्ये युरोपात नेटफ्लिक्स व यूट्यूब यांनी जाळ्यावरचा भार कमी करण्यासाठी गुणवत्ता अशीच उतरवली होती, त्यामुळे ही सवय मी सोडणार नाही.

कंपनी बदलण्याचा सल्ला कृपया देऊ नये, कारण घरात दुसऱ्या कोणाचीही रेंज पुरेशी येत नाही.

राउटरच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद), आरएसआरक्यू (सिग्नलची गुणवत्ता) आणि एसआयएनआर (गोंगाट व व्यत्ययाच्या तुलनेत सिग्नल) हे आकडे दिसतात. टॉवरवरची गर्दी आणि माझ्या मोडेममधली रांग यांतला फरक ओळखण्यासाठी यांपैकी कोणते आकडे, पिंगसोबत कोणत्या वेळी नोंदवावेत, हे कोणी सांगितल्यास त्या नोंदी इथेच देईन.