सासऱ्यांच्या कानात सतत आवाज (टिनिटस), जिभेला करंट देणारं मशीन कोणी वापरलंय का?

सासरे ७३ वर्षांचे, अख्खी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये पत्राकामात गेली. दोन्ही कानांत आवाज येतो, त्यांच्या भाषेत "कंप्रेसर बंदच होत नाही". दिवसा निभतं, पण रात्री दिवे मालवले की सुरू, मग थंडीतही पंखा पाचावर आणि उशाशी रेडिओ, त्यावर स्टेशन लागलेलं नको, नुसती खरखर हवी, सासूबाई बिचाऱ्या हॉलमध्ये झोपतात. ईएनटीला दाखवलं, ऑडिओग्राम झाला, बारीक आवाज बरेच कमी ऐकू येतात. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, सवय करा. गोळ्यांनी शून्य फरक.

आता न्यू जर्सीचे दीर लेनायर नावाचं मशीन पाठवतो म्हणतायत. डब्लिनच्या कंपनीचं आहे, मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) मान्यता दिलीय. हेडफोनवर आवाज ऐकायचे आणि त्याच वेळी ३२ इलेक्ट्रोडवाली छोटी पट्टी जिभेवर ठेवायची, हलका करंट येतो, रोज तासभर, १२ आठवडे. किंमत लाखांत जाते. आवाज पूर्ण जात नाही, त्रास कमी होतो असं वाचलं, तेवढंही चालेल हो, माणूस झोपला पाहिजे.

घोळ असा की बाबांना पेसमेकर आहे, हे दिरांच्या डोक्यातच आलं नाही. ऑनलाइन कानाला लावायच्या क्लिपा पण दिसतात, व्हेगस नर्व्हला (मेंदूपासून हृदय-पोटापर्यंत जाणारी नस) करंट देणाऱ्या, त्या तरी चालतील का?

प्रतिसाद १: ताई, पेसमेकर असेल तर लेनायर नाहीच, कंपनीच नको म्हणते. मागवूच नका, पैसे वाचले समजा. क्लिपही कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय अजिबात लावू नका, व्हेगस नर्व्ह हृदयाचे ठोकेसुद्धा सांभाळते, आणि टिनिटससाठी ते सगळं अजून संशोधनातच आहे. ऐकू कमी येतंय ना, मग श्रवणयंत्र का नाही बघितलं? बाहेरचं नीट ऐकू आलं की आतला आवाज मागे पडतो, आईच्या बाबतीत तेच झालं. झोपेसाठी, चिडचिडीसाठी सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन) करणारा कोणी मिळतो का बघा. आवाज एकाच कानात किंवा नाडीसारखा धडधडत असेल तर मात्र परत ईएनटीकडे जा, स्कॅन लागू शकतो.

धागाकर्ती: धन्यवाद! धडधड नाहीये. दिरांना आत्ताच फोन करून थांबवलं. श्रवणयंत्राचं विचारलं तर बाबा म्हणतात "म्हातारा दिसेन". आता काय बोलायचं! तुमच्या आईंना कसं पटवलंत?