ग्रीसच्या ‘ओही’ दिनाला विधिमंडळाने ठरावाद्वारे मान्यता दिल्याने नेमके काय साधते?

परदेशस्थ (प्रश्न):
मी अमेरिकेत राहतो. आमच्या शेजारच्या ग्रीक आजी दर वर्षी २८ ऑक्टोबरला दारावर निळापांढरा ध्वज लावतात आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्समध्ये भुकेने गेलेल्या आपल्या थोरल्या भावाची आठवण सांगतात. त्यांच्या मुलाने आमच्या राज्याच्या विधिमंडळातील एका सदस्याकडे ‘ओही’ दिनाला, म्हणजे २८ ऑक्टोबर १९४० रोजी ग्रीसने इटलीला दिलेल्या नकाराच्या स्मृतिदिनाला, मान्यता देणारा ठराव मांडण्याची विनंती केली असून, मसुदा वाचून मत देण्यास मला सांगितले आहे. अशा ठरावाने सुट्टी मिळत नाही, निधीही मिळत नाही. मग त्याचे मोल कशात मानावे? शिवाय हा मसुदा २८ ऑक्टोबर १९४० च्या पहाटे सुरू होतो आणि एप्रिल १९४१ मध्ये थांबतो. हे मला खटकते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सभागृहवाचक:
आपल्याकडे विधानसभेत अभिनंदनाचा ठराव किंवा शोकप्रस्ताव येतो, त्याच्या जवळचा हा प्रकार आहे. अमेरिकी काँग्रेसमध्ये एकाच सभागृहाचा साधा ठराव आणि दोन्ही सभागृहांचा सहमतीचा ठराव, हे दोन्ही राष्ट्राध्यक्षांच्या स्वाक्षरीसाठी जात नाहीत आणि त्यांना कायद्याचे बळ नसते. संयुक्त ठराव मात्र स्वाक्षरीनंतर कायदा होतो. विशिष्ट दिवस किंवा सप्ताह घोषित करणारी स्मरणपर विधेयके पूर्वी इतकी येत की १९९५ मध्ये प्रतिनिधिगृहाने नियम बदलून ती मांडण्यासच मनाई केली. त्यामुळे तेथे एखाद्या प्रसंगाचा गौरव करायचा झाल्यास शब्दयोजना जपून करावी लागते. राज्यांच्या विधिमंडळांचे नियम वेगळे असतात, आणि आपला मसुदा राज्यापुरता असल्याने ती अडचण येऊ नये.

मोलाविषयी माझे मत स्पष्ट आहे. अशा ठरावाचा खरा ऐवज त्याच्या ‘ज्याअर्थी’ने सुरू होणाऱ्या कलमांत असतो. ‘त्याअर्थी हे सभागृह मान्यता देते’ हे शेवटचे वाक्य सगळीकडे सारखेच असते. परंतु ‘ज्याअर्थी’ची वाक्ये सभागृहाच्या दप्तरात कायमची राहतात, आणि पुढच्या वर्षीचा मसुदा बहुधा त्यांवरूनच उतरवला जातो. म्हणून एक चूक आत शिरली की ती वर्षानुवर्षे टिकते.

पिंडसचा वाटसरू:
मग त्या कलमांविषयीच लिहितो. त्या पहाटे सुमारे तीन वाजता इटलीचे राजदूत एमानुएले ग्रात्सी हे पंतप्रधान योआनिस मेटाक्सास यांच्या किफिसिया येथील घरी गेले आणि त्यांनी मुसोलिनीचे निर्वाणीचे पत्र दिले. इटालियन सैन्याला ग्रीसमधील मोक्याची ठिकाणे ताब्यात घेऊ द्यावीत, अशी मागणी होती आणि मुदत सकाळी सहापर्यंतची होती. मेटाक्सास यांनी ‘ओही’, म्हणजे ‘नाही’, हा एकच शब्द उच्चारला असे लोक सांगतात. प्रत्यक्षात संभाषण फ्रेंचमध्ये झाले आणि ‘तर मग हे युद्धच’ अशा अर्थाचे त्यांचे उत्तर होते. ‘ओही’ हा शब्द लोकांनी त्या नकाराला दिला, आणि मसुद्यात तसेच लिहावे. त्याने दिवसाचे तेज कमी होत नाही, उलट तो दिवस लोकांचा ठरतो.

मुदत संपण्याआधीच, साडेपाचच्या सुमारास, इटलीच्या ताब्यातील अल्बेनियाच्या सीमेवरून हल्ला सुरू झाला. पिंडसच्या डोंगरात कर्नल दावाकिस यांची तुकडी, तर वायव्येकडील एपिरस प्रांतात जनरल कात्सिमित्रोस यांची आठवी डिव्हिजन उभी राहिली. जेथे खेचरेही कष्टाने चढत, त्या वाटांवरून एपिरसच्या खेड्यांतील बायकांनी दारूगोळा पाठीवर वाहून नेला. या बायकांसाठी स्वतंत्र कलम असावे, असा माझा आग्रह आहे. २२ नोव्हेंबरला ग्रीक सैन्य अल्बेनियातील कोर्चा शहरात शिरले. ६ एप्रिल १९४१ रोजी जर्मनीने आक्रमण केले आणि २७ एप्रिलला अथेन्स पडले.

आपला मसुदा येथे थांबतो, आणि आपल्याला खटकले ते योग्यच आहे. त्यानंतर दुष्काळ आला, ज्यात आजींचा भाऊ गेला. थेस्सालोनिकीच्या ज्यू वस्तीतील बहुसंख्य लोकांना १९४३ मध्ये आउशविट्झच्या नाझी मृत्युछावणीत नेण्यात आले. डिसेंबर १९४३ मध्ये कालाव्रिता येथे आणि जून १९४४ मध्ये दिस्तोमो येथे जर्मन सैन्याने गावकऱ्यांची कत्तल केली. हा दिवस अधिकृतपणे साजरा झाला तो मुक्तीनंतर, १९४४ मध्ये. म्हणजे ज्यांनी तो पहिल्यांदा पाळला त्यांच्या मनात ही चारही वर्षे होती.

कागदपत्रे:
दोन सावधगिऱ्या सुचवतो. मेटाक्सास यांनी ऑगस्ट १९३६ पासून संसद बरखास्त करून हुकूमशाही चालवली होती. त्यांचा नकार खरा आणि धैर्याचाच होता. तरीही एका विधिमंडळाने त्यांना लोकशाहीचे कैवारी म्हणू नये. दुसरे असे की, ग्रीसच्या प्रतिकारामुळे रशियावरील जर्मन स्वारी लांबली आणि म्हणून महायुद्धाचा निकाल फिरला, हे विधान अशा मजकुरांत हमखास असते. त्या वर्षीचा ओला वसंत, फुगलेल्या नद्या आणि सामग्रीची टंचाई यांनाही अनेक इतिहासकार कारण मानतात. वादग्रस्त दाव्यावर गौरव उभारण्याची ग्रीसला गरज नाही. पिंडसच्या वाटा पुरेशा आहेत.

परदेशस्थ:
सर्वांचा मनापासून ऋणी आहे. काल संध्याकाळी आजींना मसुदा वाचून दाखवला. स्वारी लांबल्याचे कलम काढले आहे आणि मेटाक्सास यांच्या नावामागचे विशेषणही काढले आहे. एपिरसच्या बायकांचे कलम ऐकताना आजींनी मला थांबवून ते दोनदा वाचायला लावले. दुष्काळाचे कलम मी माझ्या शब्दांत लिहिले होते. ते त्यांनी मुलाकडून ग्रीकमध्ये पुन्हा लिहवून घेतले. त्याचा अनुवाद करून मसुदा सोमवारी सदस्यांच्या कार्यालयात द्यायचा आहे.