अनुभव धागा : मुंबई ते न्यूयॉर्क, अंतर किती आणि तास किती?

थेट विमानाने जायचं तर नेमके किती तास धरायचे? जाणकारांनी आपापला हिशोब इथे मांडावा. प्रवासवर्णन नको, आकडे हवेत.

अक्षांश
न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंत पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत जवळचं अंतर सुमारे १२,५३० किमी. शेजारचं नेवार्क विमानतळ धरलं तर पंधराएक किमी जास्त. एक्सेलमध्ये काढणार असाल तर आधी अंशांचे रेडियन करा आणि न्यूयॉर्कच्या रेखांशाला उणे चिन्ह द्या. मुंबई पूर्व ७२.९, न्यूयॉर्क पश्चिम ७३.८. उणे द्यायचं विसरलं की दोन्ही शहरं एकाखाली एक येतात आणि उत्तर २,४०० किमी निघतं! वैमानिकांच्या आकड्यातले मैल सागरी असतात, १.८५२ ने गुणा, १.६ ने नाही.

सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका. ती रेघ सहारावरून जाते. जवळची वाट मात्र मुंबईहून वायव्येच्याही उत्तरेला निघून आइसलंडवरून जाते.

उलटावारा
अंतर भागिले ९०० (विमानाचा ताशी किमी वेग) केलं की चौदा तास येतात. प्रत्यक्षात जाताना साडेपंधरा-सोळा लागतात, येताना चौदा-साडेचौदा. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा असतो, हिवाळ्यात जास्तच. समोरच्या पडद्यावर दिसतो तो जमिनीच्या हिशोबाने वेग : जाताना ८०० दिसेल, येताना हजाराच्या वर.

म्हणून किलोमीटरवर फार विसंबू नये. एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १,४०० किमीने वाढलं, वेळ जवळपास दोन तासांनी घटला.

केबिनबॅग
तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो, म्हणजे धावपट्टीच्या रांगेत उभं राहणंही त्यातच. दोन शहरांच्या घड्याळांतला फरक हिवाळ्यात साडेदहा तास, मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ. जानेवारीत रात्री १ ला निघून सकाळी साडेसहाला पोचलात : ५.३० अधिक १०.३०, बरोबर १६ तास.

आणि हो, १२ तारखेचं ००.५० म्हणजे ११ च्या रात्री घर सोडायचं. विमान चुकण्याचं हे अगदी नेहमीचं कारण.

व्हायादुबई
दुबईमार्गे अंतर फक्त ४०० किमीने वाढतं. वेळ खातो तो मधला थांबा. दोन वेगळी तिकिटं काढलीत तर सामान पुढे जाईलच असं नाही, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदार नाही. एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) घ्या. अबुधाबीमार्गे अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं. रांग धरून तीन तास तरी मध्ये ठेवा.

अक्षांश
@उलटावारा, बंद आकाशही धरा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, त्याचा फटका दिल्लीला जास्त. मुंबईहून अरबी समुद्रावरून ओमानकडे वळता येतं, त्यामुळे वळसा तुलनेने लहान.